भूमिगतांचे आश्रयदाते (१९४२–४६)

१९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात पोलिसांना हव्या असलेल्या कार्यकर्त्यांना आपल्या घरात, शेतातील वस्तीवर किंवा चाळीच्या खोलीत लपवून ठेवणाऱ्या, त्यांना अन्न, वस्त्र व पैसा पुरवणाऱ्या, त्यांचे निरोप पोचवणाऱ्या आणि धोका दिसताच त्यांना दुसऱ्या ठिकाणी सुखरूप नेऊन सोडणाऱ्या सर्वसामान्य लोकांना भूमिगतांचे आश्रयदाते असे म्हटले जाते. महाराष्ट्रात हे काम मुख्यतः मुंबई शहर, तत्कालीन सातारा जिल्हा (आजचे सातारा व सांगली जिल्हे), कुलाबा व ठाणे जिल्ह्यांचा डोंगराळ भाग आणि भोवतालची देशी संस्थाने येथे झाले. भूमिगत पुढाऱ्यांची चरित्रे विपुल आहेत. मात्र त्यांना दाराआड घेणाऱ्यांची स्वतंत्र नोंद फारच थोडी आढळते. पकडले जाऊ नये म्हणून या लोकांनी कागदावर काहीच ठेवले नाही, आणि कागद नाही म्हणून पुढे त्यांचे नाव कोणत्याच यादीत आले नाही.

पार्श्वभूमी

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर अखिल भारतीय काँग्रेस समितीने ‘छोडो भारत’चा ठराव मंजूर केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासूनच अटकसत्र सुरू झाले. महात्मा गांधींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, तर कार्यकारिणीच्या सदस्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. काँग्रेस बेकायदा ठरली. तोपर्यंतच्या आंदोलनांत कार्यकर्त्याने जाहीरपणे कायदा मोडावा, अटक करून घ्यावी आणि शिक्षा भोगावी, ही रीत होती. यावेळी प्रथमच हजारो कार्यकर्त्यांनी अटक टाळण्याचे ठरवले. अच्युतराव पटवर्धन, अरुणा असफअली, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, साने गुरुजी, नाना पाटील, यशवंतराव चव्हाण आदी मंडळी दिसेनाशी झाली.

दिसेनासे होणे म्हणजे कोणाच्या तरी घरी असणे होय. भूमिगत मनुष्याला रोज दोन वेळचे जेवण लागते, रात्रीची जागा लागते, आजारपणात वैद्य लागतो, आणि महिना-पंधरा दिवसांत ती जागा बदलावीही लागते. एका भूमिगतामागे अशी अनेक घरे उभी असत. अच्युतराव व अरुणाबाई १९४६ पर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत. अरुणाबाईंना पकडून देणाऱ्यास पाच हजार रुपयांचे इनाम जाहीर झाले होते. त्यांना ठेवून घेणाऱ्या प्रत्येक घराला या रकमेची कल्पना होती, हे ध्यानात घ्यावयास हवे.

कायद्यातील तरतुदी

आश्रय देणे हा भारतीय दंड संहितेनुसार गुन्हा होता. कलम २१२ अन्वये गुन्हेगारास आसरा देणे आणि कलम २१६ अन्वये ज्याच्या अटकेचा हुकूम निघाला आहे अथवा जो कोठडीतून पळाला आहे त्यास आसरा देणे शिक्षापात्र होते. मूळ गुन्हा देहान्ताच्या शिक्षेचा असेल तर कलम २१६ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. दरोडेखोरांना आसरा देण्यासंबंधी कलम २१६-अ हे वेगळे होते व त्यातही सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होती. सरकारी खजिने व पगाराच्या गाड्या लुटणाऱ्यांवर दरोड्याचे आरोप ठेवले जात, त्यामुळे त्यांना भाकरी देणारा शेतकरी या कलमाच्या कक्षेत सहज येई.

‘आसरा’ म्हणजे नेमके काय, याची व्याख्या १९४२ च्याच आठव्या अधिनियमाने संहितेत कलम ५२-अ म्हणून घालण्यात आली. निवारा, अन्न, पेय, पैसा, कपडे, शस्त्रे, दारूगोळा किंवा वाहनाचे साधन पुरवणे, तसेच अटक चुकवण्यास कोणत्याही प्रकारे साहाय्य करणे, हे सारे तिच्यात आले. तहानलेल्यास तांब्याभर पाणी देणेही कायद्याच्या भाषेत आसरा ठरू शकत होते.

कलम २१२ व २१६ यांना एक अपवाद होता: पतीने पत्नीला अथवा पत्नीने पतीला दिलेला आसरा गुन्हा मानला जात नसे. आई, बहीण, मेहुणा, शेजारी यांना ही सवलत नव्हती. व्यवहारात पत्नीलाही ती फारशी उपयोगी पडली नाही, कारण भारत संरक्षण नियमांखाली केवळ संशयावरून अटक करता येत असे. याखेरीज फरारी घोषित झालेल्याची मालमत्ता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ८७ व ८८ अन्वये जप्त होई, आणि १९४२ च्या सामुदायिक दंडाच्या वटहुकुमाने संपूर्ण गावावर दंड बसवता येत असे. एका घराने घेतलेल्या जोखमीची किंमत साऱ्या गावाकडून वसूल करण्याची ही सोय होती.

मुंबई

मुंबईत दाटीची वस्ती हेच मोठे संरक्षण होते. गिरगाव, परळ, लालबाग भागांतील चाळींमध्ये रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहत. बोटीने गावाहून आलेला पाहुणा आठ दिवस खोलीत मुक्कामाला असणे, ही तेथे रोजचीच बाब होती. नव्या माणसाबद्दल कोणी फारशी चौकशी करत नसे, आणि केलीच तर ‘गावचा भाऊ’ या उत्तरावर ती संपे.

२७ ऑगस्ट १९४२ पासून उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी आदींनी ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. प्रक्षेपणाची दिशा शोधणाऱ्या पोलिसी गाड्या शहरात फिरत असल्याने यंत्र एका जागी फार काळ ठेवता येत नसे व ते सतत हलवावे लागे. प्रत्येक नव्या जागेसाठी कोणीतरी खोली मिळवून द्यावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडेपर्यंत हे केंद्र चालू राहिले. उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

समाजवादी गटाचे मुंबईतील एक ठिकाण ‘मूषक महाल’ या विनोदी नावाने प्रसिद्ध आहे. एस. एम. जोशी या काळात दाढी वाढवून मौलवीच्या वेशात वावरत. एप्रिल १९४३ मध्ये या जागेवर छापा पडून साने गुरुजी, एस. एम. जोशी यांच्यासह अनेक प्रमुख कार्यकर्ते एकाच वेळी पकडले गेले. बऱ्याच जणांना एकाच छपराखाली आणण्यातील धोका या घटनेने उघड केला. साताऱ्यात माणसे विखरून राहत असल्याने तेथे असा एकगठ्ठा आघात क्वचितच झाला.

सातारा जिल्हा व संस्थानी सीमा

नाना पाटील (१९००–१९७६) यांच्या नावाशी जोडले गेलेले प्रतिसरकार १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत चालू होते. कुंडल हे त्याचे महत्त्वाचे केंद्र होते, तर तुफान सेना हे त्याचे सशस्त्र दल. गावोगावची न्यायमंडळे, दारूबंदी, सावकारीस आळा, साध्या खर्चात गांधी पद्धतीचे विवाह अशी त्याची कामे सर्वज्ञात आहेत. मात्र तीनचार वर्षे हे काम टिकले, ते शेतकरी कुटुंबांच्या आधारावर. कृष्णाकाठचा उंच वाढलेला ऊस, गावापासून दूर असलेल्या मळ्यातील वस्त्या, गोठे आणि कडब्याच्या गंजी यांचा लपण्यासाठी उपयोग झाला. पोलिसांची गाडी गावाच्या वेशीवर येईपर्यंत निरोप मळ्यात पोचलेला असे. असे निरोप गुराखी मुले व पाणवठ्यावर जाणाऱ्या स्त्रिया नेत.

भूगोलाइतकीच मदत राजकीय नकाशाने केली, आणि या गोष्टीकडे इतिहासलेखनात पुरेसे लक्ष गेलेले नाही. सातारा जिल्ह्याच्या ब्रिटिश मुलखात औंध, सांगली, मिरज, फलटण, जत, कोल्हापूर अशा संस्थानांची गावे विखुरलेली होती. ब्रिटिश हद्दीतील फौजदाराला संस्थानी गावात कारवाई करायची तर संस्थानाशी पत्रव्यवहार करावा लागे, आणि तेवढा वेळ भूमिगताला पुरेसा होता. कुंडल हे गावच मुळी औंध संस्थानात मोडत असे. औंधचे अधिपती भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्येच प्रजेला स्वराज्याची राज्यघटना दिली होती आणि राष्ट्रीय चळवळीविषयी त्यांची सहानुभूती लपून राहिलेली नव्हती. एका शेताचा बांध ओलांडला की हद्द बदलते, हे त्या भागातील शेतकऱ्याला जितके ठाऊक होते तितके जिल्ह्याच्या मुख्यालयातील अधिकाऱ्याला नसावे.

सर्वच संस्थाने अशी नव्हती. वसंतदादा पाटील सांगली संस्थानाच्या तुरुंगात होते. २४ जुलै १९४३ रोजी ते सहकाऱ्यांसह तुरुंग फोडून बाहेर पडले, तेव्हा झालेल्या पाठलागात दोघे कार्यकर्ते ठार झाले व स्वतः वसंतदादा गोळी लागून जखमी अवस्थेत पकडले गेले. दिवसाढवळ्या, पूर आलेल्या नदीच्या गावात, आधीपासून तयार असलेल्या घराविना पळणे किती अवघड होते, याचा हा दाखला आहे.

७ जून १९४३ रोजी शेणोली येथे पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी, आणि १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटण्यात आला. दुसऱ्या घटनेत कुंडल परिसरातील कार्यकर्ते आपल्या मुलखापासून शेकडो किलोमीटर दूर खानदेशात गेले होते. तेथून परतताना ओळखीची वस्ती नव्हती, बोलीही वेगळी होती. अशा वेळी खानदेशातील कार्यकर्ते व त्यांचे आप्तस्वकीय यांच्यावरच सारी भिस्त होती.

कुटुंबीयांवरील दडपण

भूमिगत सापडत नसला की पोलीस त्याच्या घराकडे वळत. यशवंतराव चव्हाण यांचा विवाह २ जून १९४२ रोजी वेणूताईंशी झाला आणि दोनच महिन्यांनी ते भूमिगत झाले. जानेवारी १९४३ मध्ये ऐन संक्रांतीच्या सणाला नवविवाहित वेणूताईंना अटक झाली. त्यांचा राजकारणाशी काहीही संबंध नव्हता. पतीला बाहेर काढण्यासाठीच ही अटक होती. सुटल्यानंतर त्या माहेरी फलटणला आजारी पडल्या. मे महिन्यात यशवंतराव त्यांना भेटण्यास गेले आणि तेथेच पकडले गेले. ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात त्यांनी हा काळ वर्णिला आहे.

नाना पाटील यांची घर-शेती जप्त झाली. त्यांची कन्या हौसाताई पाटील (१९२६–२०२१) यांनी उतारवयात दिलेल्या मुलाखतींत त्या दिवसांची हकीकत सांगितली आहे. जप्तीनंतर कुटुंबाला उघड मदत करण्यास गावातले लोक भीत. शिक्षेच्या भीतीने माणसे दूर राहत आणि तरीही अंधार पडल्यावर कोणीतरी येऊन शिधा ठेवून जाई, अशा दोन्ही प्रकारच्या आठवणी या भागात आजही ऐकावयास मिळतात. त्यांतील एक खरी व दुसरी खोटी असे मानण्याचे कारण नाही. पुष्कळदा ती एकाच घराची दोन रूपे होती.

स्त्रियांचा वाटा

आश्रयाचे काम प्रत्यक्षात बहुतांशी स्त्रियांनी केले. चारपाच माणसांचे जादा पीठ दळायचे, तेही शेजारणीच्या नजरेस न येता. जादा भाकऱ्या थापायच्या आणि त्या वैरणीच्या भाऱ्यात किंवा दुरडीत दडवून मळ्यात न्यायच्या. जात्याचा आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ आला तरी संशय येई. त्यातच युद्धकाळामुळे धान्याची टंचाई होती, हेही विसरता येत नाही. पाहुण्यास वाढलेली भाकरी अनेकदा घरातल्याच कोणाच्या ताटातली असे.

काहींचा वाटा त्याहून पुढचा होता. हौसाताईंच्या सांगण्यानुसार १९४४ मध्ये शस्त्रे आणण्यासाठी गोव्यात गेलेले सहकारी बाळ जोशी पोर्तुगीज पोलिसांच्या हाती लागले. हौसाताई बहीण म्हणून त्यांना पणजीच्या तुरुंगात भेटल्या व सुटकेची योजना लिहिलेला कागद त्यांनी केसांच्या अंबाड्यात लपवून आत नेला. परतताना रस्ता धोक्याचा असल्याने त्यांनी रात्री लाकडी पेटीच्या आधाराने मांडवी नदी पार केली. जोशीही पुढे निसटले. गोव्यातील सत्ता ब्रिटिशांची नसल्याने ब्रिटिश हद्दीतील वॉरंट तेथे चालत नसे, पण पोर्तुगीज तुरुंगातून सुटकाही तितकीच कठीण होती.

सह्याद्री व कोकण

कुलाबा जिल्ह्यातील माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून मुंबईकडील कारखान्यांचा पुरवठा खंडित करण्याचा सपाटा लावला होता. हा दस्ता मुरबाडजवळील सिद्धगडच्या जंगलात राहत असे. डोंगरातील आदिवासी वस्त्यांच्या आधाराशिवाय तेथे राहणे शक्य नव्हते. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे खबर लागल्याने पोलिसांनी तळाला वेढा घातला आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले. आश्रयाची साखळी एका कडीपाशी तुटली की काय होते, हे सिद्धगडने दाखवून दिले. महाडमध्ये १० सप्टेंबर १९४२ रोजी नाना पुरोहित यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यानंतर त्या तालुक्यातील कार्यकर्त्यांनाही डोंगरांचाच आसरा घ्यावा लागला.

रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या आजच्या सिंधुदुर्गासह असलेल्या जिल्ह्यात, साताऱ्यासारखे प्रतिसरकार उभे राहिले नाही. मात्र भूमिगत चळवळीतील तीन मोठ्या व्यक्तींची मुळे याच जिल्ह्यात होती: साने गुरुजींचे जन्मगाव दापोलीजवळचे पालगड, ना. ग. गोरे यांचे देवगड तालुक्यातील हिंदळे, आणि एस. एम. जोशी यांच्या घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी तालुक्यातील गोळप. तिघांचेही कार्यक्षेत्र घाटावर व मुंबईत राहिले. कोकणचा वाटा शोधायचा तर तो गावांपेक्षा मुंबईतील कोकणी चाळींत शोधावा लागतो.

आश्रय व धाक

प्रत्येक आश्रय स्वेच्छेने दिलेला होता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. खबऱ्यांना तळपायांवर काठीने मारण्याची शिक्षा प्रतिसरकारने दिली व त्यावरून त्याला ‘पत्री सरकार’ हे नाव पडले. रात्री हत्यारबंद माणसे दारात उभी राहिली, तर नाही म्हणण्याची सोय गरीब घराला कितपत होती, हा प्रश्न रास्त आहे. चळवळीच्या नावाखाली लूटमार करणाऱ्या टोळ्याही त्या काळात होत्या, आणि त्यांचा बंदोबस्त करणे प्रतिसरकारला भाग पडले. दिवसा पोलिसांचा मार व रात्री टोळ्यांची भीती अशा कात्रीत काही गावे सापडली होती. तरीही केवळ धाकाने तीनचार वर्षे मौन टिकले असते असे दिसत नाही. इनामाची रक्कम शेतकरी कुटुंबाच्या कित्येक वर्षांच्या उत्पन्नाइतकी असूनही नाना पाटील शेवटपर्यंत पकडले गेले नाहीत.

जागतिक संदर्भ

याच वर्षांत युरोपातही असेच काम चालू होते. जर्मनव्याप्त बेल्जियम व फ्रान्समध्ये विमान पडून खाली उतरलेल्या ब्रिटिश व अमेरिकी वैमानिकांना स्थानिक लोक घरात लपवत आणि पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमार्गे जिब्राल्टरला पोचवत. ब्रुसेल्सच्या आंद्रे द याँग या तरुणीने १९४१ मध्ये उभारलेली ‘कोमेट लाइन’ त्यांत सर्वांत प्रसिद्ध आहे. फ्रान्समधील जर्मन सेनापतीने २२ सप्टेंबर १९४१ रोजी काढलेल्या जाहीरनाम्यानुसार वैमानिकास मदत करणाऱ्या पुरुषास गोळी घालण्याची व स्त्रीस छळछावणीत धाडण्याची शिक्षा होती. पकडून देणाऱ्यास दहा हजार फ्रँकपर्यंत इनाम होते. द याँग जानेवारी १९४३ मध्ये सीमेजवळच्या एका शेतघरात पकडली गेली व छळछावणीतून जिवंत परतली. तिच्या वडिलांना मात्र गोळ्या घालण्यात आल्या.

भारतीय सैनिकांनाही अशा आश्रयाचा लाभ झाला. २१ जून १९४२ रोजी तोब्रुक पडले तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण युद्धकैदी झाली. या रेजिमेंटची भरती प्रामुख्याने सातारा, रत्नागिरी, कुलाबा या भागांतूनच होत असे. ११ मे १९४४ रोजी फ्रान्समधील एपिनाल येथे बाँबहल्ल्यात छावणीचे कुंपण फुटल्यावर अनेक भारतीय युद्धकैदी बाहेर पडले, आणि सुमारे पाचशे जण फ्रेंच खेडुतांच्या मदतीने स्वित्झर्लंडला पोचले.

युद्ध संपताच ब्रिटनने युरोपातील या मदतनीसांचा शोध घेण्यासाठी स्वतंत्र कचेऱ्या उघडल्या, घरोघर चौकशी करून याद्या केल्या, प्रशस्तिपत्रे व भरपाई दिली. द याँग हिला १९४६ मध्ये जॉर्ज पदक मिळाले. त्याच सरकारच्या भारतातील कायद्यात त्याच कृत्याला सात वर्षांची सक्तमजुरी होती.

स्वातंत्र्योत्तर काळ

१९४६ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात सत्तेवर आल्यानंतर भूमिगत उघडपणे वावरू लागले व त्यांचे जागोजाग सत्कार झाले. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९७२ पासून स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन योजना सुरू केली आणि १९८० मध्ये तिला ‘स्वतंत्रता सैनिक सन्मान’ हे नाव देऊन तिचे निकष विस्तारले. किमान सहा महिन्यांचा कारावास (स्त्रियांसाठी तीन महिने), किंवा सहा महिन्यांहून अधिक काळ भूमिगत राहणे, हे त्यांतील मुख्य निकष होत. भूमिगत असल्याचा पुरावा म्हणून फरारी घोषित झाल्याचा, इनाम लागल्याचा किंवा न बजावलेल्या अटकेच्या हुकुमाचा सरकारी कागद मागितला जाई. तो नसल्यास ज्येष्ठ स्वातंत्र्यसैनिकाचे प्रमाणपत्र लागे. अशा कागदावर भूमिगताचे नाव असे, त्याला ठेवून घेणाऱ्याचे नसे. आश्रयदाता फरारी नव्हता. तो आपल्याच घरी होता. तो पकडला गेला असता आणि पुरेशी शिक्षा झाली असती, तरच तो योजनेस पात्र ठरला असता. ज्याने काम चोख केले, तो याच कारणाने अपात्र ठरला.

पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द लास्ट हीरोज’ (२०२२) या इंग्रजी पुस्तकात पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यातल्या भवानी महातो यांची हकीकत दिली आहे. त्या भूमिगतांसाठी वर्षानुवर्षे स्वयंपाक करत; पण स्वातंत्र्यलढ्याशी आपला काही संबंध होता हे त्यांना स्वतःलाच मान्य नव्हते. हौसाताई पाटील व कुंडलचे कॅप्टन रामभाऊ लाड यांच्या मुलाखतीही याच पुस्तकात आहेत. सांगली व सातारा जिल्ह्यांत काही वस्त्यांवर नाना पाटील अमुक घरात उतरत असत असे आजही दाखवले जाते. त्या खोल्यांतील बहुतेकांवर आता नवी स्लॅबची घरे उभी आहेत.